जिभेला जामीन

आश्विन वद्य पंचमी, बुधवार, सकाळी अकरा. रक्कम रुपये दोनशे. जागा मेहकरची कचेरी. हजर मंडळी : मॅजिस्ट्रेटसाहेब, त्यांचा पेशकार, आमचे वकीलसाहेब, गावचे पाटील, ज्याच्यासाठी हे सगळे जमले होते तो भिकाजी, आणि त्याचा जामीन म्हणून मी. भिकाजीने अंगठा उठवला, मी सही केली. कागदात असे होते की, भिकाजी एक वर्षपर्यंत सरकारविरुद्ध लोकांची मने बिघडतील असे काही बोलणार नाही. बोलला तर दोनशे रुपये मी भरीन. त्या दिवसांत दोनशे रुपयांत मध्यम बैलजोडी येत असे. माझ्या दावणीला दोन जोड्या होत्या. सही करता करता मी मनातल्या मनात एक जोडी सोडून बाजूला बांधली.

आज श्रावण वद्य त्रयोदशी. पोळा तोंडावर आला आहे. ओसरीवर बैलांच्या शिंगांसाठी हिंगूळ खलून ठेवला आहे, नव्या कासऱ्यांचा अंबाडीचा वास घरभर पसरला आहे, गडी बैल घेऊन पैनगंगेवर गेला आहे. मी नागपूरचे वर्तमानपत्र घेऊन बसलो आहे. दिल्लीत देशाची घटना लिहून होत आली. तिच्या एका कलमात नागरिकाला बोलण्याची मोकळीक दिली आहे आणि लगेच त्याखाली ती कोठे कोठे नाही हे सांगितले आहे. पहिला भाग एका ओळीत संपतो. दुसरा वाचताना चष्मा पुसावा लागला. माझी तक्रार नाही. शेताचे खरेदीखतही असेच असते : शेत एका ओळीत, चतुःसीमा चार ओळींत. पण माणसाच्या बोलण्याला चतुःसीमा घालतात म्हणजे काय होते, हे मी एका पोळ्यापासून दुसऱ्या पोळ्यापर्यंत जवळून पाहिले आहे.

ती लढाईची मधली वर्षे. साखर आणि रॉकेल मोजून मिळे. त्या श्रावणात ज्वारी कमरेइतकी आली होती आणि उघडीप पडली की शेतातून गोडसर, ओला वास उठे. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही बैलांचे खांदे शेकले. लोणी आणि हळद चोळून घरातल्या बायकांनी बैलांच्या कानांत सांगितले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." माझ्या मोठ्या बैलाची एक सवय होती. खांद्यावर हात फिरू लागला की तो डोळे अर्धे मिटी आणि खालचा ओठ लोंबता सोडी. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला एका संध्याकाळी लोणी. हिशेब म्हणून पाहिला तर हा सौदा बैलाच्या बाजूने वाईट आहे. तरी त्या संध्याकाळी त्याच्या डोळ्यांत पाहिले की हिशेब आठवत नसे.

माणसांसाठीही आमच्याकडे असाच एक दिवस होता, आणि तोही पोळ्याचाच. वऱ्हाडाबाहेरच्या वाचकासाठी सांगतो. पोळ्याच्या दिवशी तिसऱ्या प्रहरी गावाच्या वेशीपाशी आंब्याच्या पानांचे तोरण बांधतात. सगळ्या गावचे बैल झुली घालून त्याच्या खाली ओळीने उभे राहतात. मानाचा बैल येईपर्यंत बैलांमागची माणसे झडत्या म्हणतात. झडती म्हणजे दोन-चार ओळींचे यमक, शेवटी "हर बोला, हर हर महादेव". या ओळींत कोणालाही काहीही बोलावे. पाटलाला बोलावे, सावकाराला बोलावे, पुजाऱ्याला, तलाठ्याला, स्वतःच्या सासऱ्याला बोलावे. ज्याला लागली त्याने ओळीच्या दुसऱ्या टोकाकडून झडतीनेच उत्तर द्यावे. उत्तर सुचले नाही तर हसावे. तोरण तुटले, पोळा फुटला, की विषय संपला. दुसऱ्या दिवशी त्या ओळींवरून कोणी कोणाशी भांडला तर गाव त्यालाच हसे.

भिकाजी या कामात सगळ्यांच्या पुढे. माझा बांधशेजारी, बारा एकर रान, एक जोडी, अंगाने काटकुळा आणि आवाज असा की तोरणापासून नदीपर्यंत ऐकू जावा. एरवी फारसा बोलत नसे. वर्षभर शब्द जमवतो आणि पोळ्याला खर्चतो, असे पाटील म्हणत. त्या वर्षी त्याने पहिली झडती रिवाजाप्रमाणे पाटलांनाच दिली :

"पाटलाच्या घरी तुपाचा दिवा,
गड्याच्या भाकरीले तेलाची हवा,
हर बोला, हर हर महादेव!"

पाटील पोट धरून हसले. "अबे, दिवा तुपाचा नाई, करडीच्या तेलाचा हाय! तूप तं मलेबी दिसत नाई!" आणि बक्षीस म्हणून नारळ भिकाजीकडे फेकला.

त्या दिवशी पाटलांशेजारी खुर्चीवर एक पाहुणे बसले होते. लढाईच्या फंडाच्या वसुलीसाठी आलेले नायब तहसीलदार. वऱ्हाड तेव्हा कागदावर निजामाचा, कचेरीत इंग्रजाचा आणि कारभारात मध्यप्रांताला जोडलेला. त्यामुळे नर्मदेकडचे अंमलदार आमच्याकडे बदलून येत. हे गृहस्थ तिकडचेच, हिंदी बोलणारे. माणूस वाईट नव्हता. पोळा त्याने कधी पाहिला नव्हता एवढेच. भिकाजीने दुसरी झडती दिली :

"चाराची पेंडी आठाले झाली,
गाईची वैरण घोड्याले गेली,
साहेब म्हणे, फंडाले द्या,
बैल म्हणे, माझं शिंगबी घ्या!
हर बोला, हर हर महादेव!"

सगळी वेस हसली. "क्या कह रहा है यह?" साहेबांनी शिपायाला विचारले. शिपायाने भाषांतर केले. त्यात यमक राहिले नाही, बैल राहिला नाही, महादेव राहिला नाही. भिकाजी नावाचा इसम जमावासमोर सांगत आहे की फंड देऊ नका, एवढेच राहिले. साहेब उठून गेले. झडतीतून हसू काढून घेतले की खाली गुन्हा उरतो, हे मला तेव्हा कळले.

महिन्याभरात भिकाजीला नोटीस आली. चांगल्या वर्तणुकीचा मुचलका का घेऊ नये, याचे कारण दाखव.

मेहकरला आमचे एक वकीलसाहेब होते. चाळिशीचे, बारीक आवाजाचे, खरेदी-वाटणीच्या कामात निष्णात. पण त्यांचा जीव दुसऱ्याच गोष्टीत होता. नागपूरच्या एका म्हाताऱ्या प्रोफेसरांकडून त्यांनी अमेरिकेच्या राज्यघटनेवरचे दोन जाड ग्रंथ विकत घेतले होते आणि मोकळा वेळ मिळाला की ते त्यांतच असत. मेहकर कोर्टात अमेरिकेचा कायदा लागणारे प्रकरण येण्याचा संभव किती, हे मी एकदा विचारले होते. ते म्हणाले, "शून्य. म्हणूनच निवांत वाचता येतो." भिकाजीची नोटीस वाचून मात्र ते ताठ बसले.

त्यांच्या पडवीत मी, पाटील आणि भिकाजी सतरंजीवर बसलो होतो. बाहेर रिमझिम चालू होती. पन्हळीखाली ठेवलेली पितळी घागर भरून वाहत होती, आणि वकीलसाहेबांना ऐकू यावे म्हणून भिकाजी त्या आवाजावर आवाज चढवून बोलत होता.

"भिकाजी, तू गुन्हा केलास असं सरकार म्हणत नाही."

"मंग मले काऊन बोलावलं?"

"पुढे करशील म्हणून."

"पुढचं सरकारले कसं समजलं? मलेच अजून समजलं नाई."

वकीलसाहेब मांडीवर हात मारून म्हणाले, "हेच! नेमकं हेच!" आणि आत जाऊन ग्रंथ घेऊन आले.

त्या दुपारी त्यांनी आम्हांला जे सांगितले ते मी माझ्या समजुतीप्रमाणे लिहितो. अमेरिकेच्या घटनेत एक वाक्य आहे : कायदेमंडळाने लोकांच्या बोलण्याची आणि छापण्याची मोकळीक तोडणारा कायदा करू नये. वाक्याला पुढे "परंतु" नाही. पण हे वाक्य लिहून दहा वर्षे झाली नाहीत तोच तिथल्या कायदेमंडळाने सरकारची निंदा करणाऱ्याला शिक्षा देणारा कायदा केला. दीडशे वर्षांपूर्वीची गोष्ट. राज्याचे अध्यक्ष एका गावातून चालले होते, त्यांच्या मानासाठी तोफा सुटत होत्या, आणि तिथे दारू प्यालेला एक माणूस अध्यक्षांच्या पार्श्वभागाचा आणि तोफेच्या गोळ्याचा संबंध जोडून काहीतरी बोलला.

"म्हंजे झडतीच!" पाटील म्हणाले.

"झडतीच. त्याला पकडलं आणि दंड केला."

"तिकडंबी?" भिकाजीने विचारले.

"तिकडेही."

भिकाजीने घागरीकडे पाहिले. मग म्हणाला, "दंड झाला, पन झडती राह्यली ना साहेब. दीडशे वर्सानं तुमी अठी बसून सांगून राह्यले."

मी दंडाचे पुढे काय झाले ते विचारले. वकीलसाहेब म्हणाले, त्या माणसाचे मला माहीत नाही. पण त्याच कायद्याखाली दंड झालेल्या दुसऱ्या एकाची रक्कम सरकारने पुढे व्याजासह परत केली. मला आनंद झाला. "किती दिवसांनी?" "चाळीस वर्षांनी. वारसांना."

मग ते मुद्द्यावर आले. बोलण्यानंतर शिक्षा करणे एक, आणि बोलण्याआधी तोंड धरणे दुसरे. पहिल्यात माणूस निदान बोलतो. काय बोलला ते सगळ्यांपुढे येते, आणि ते खरेच वाईट होते का यावर भांडता येते. दुसऱ्यात भांडायलाच काही उरत नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी तिकडच्या एका प्रांताने एक शिवराळ पत्र कायमचे बंद पाडले. पत्र खरोखरच घाणेरडे होते, असे वकीलसाहेब म्हणाले. तरी तिथल्या सर्वांत वरच्या कोर्टाने निकाल दिला की आधीच तोंड बंद करता येणार नाही. नऊ न्यायाधीश. पाच एकीकडे, चार दुसरीकडे.

पाचास चार. हा आकडा माझ्या डोक्यातून अजून गेला नाही. इतक्या मोठ्या देशाचे तोंड एका माणसाच्या वजनावर उघडे राहिले. तो एक माणूस त्या दिवशी आजारी असता तर?

वकीलसाहेब प्रामाणिक होते. दुसरी बाजूही त्यांनी लपवली नाही. आधीच्या महायुद्धात सैन्यभरतीविरुद्ध पत्रके वाटणाऱ्याला त्याच कोर्टाने तुरुंगात धाडले होते, आणि तेव्हा नऊच्या नऊ एका बाजूला होते. भरल्या नाटकगृहात आग लागली म्हणून खोटेच ओरडणाऱ्याला मोकळीक मिळत नाही, असा दाखला त्या निकालात दिला होता. "म्हणजे बोलण्यातून संकट अगदी जवळ आलेलं असलं पाहिजे," वकीलसाहेब म्हणाले. "आता सांगा, भिकाजी ओरडला तेव्हा वेशीत काय झालं?"

पाटील विचार करून म्हणाले, "एका गोऱ्ह्यानं शेण टाकलं."

मग त्यांनी विचारले, "वकीलसाहेब, अमेरिकेत पोळा असते का?"

"नाही."

"मंग बरोबर. म्हनून त्यायले इतका कायदा लागते."

तेव्हा आम्ही हसलो. आज हे वाक्य मला हसण्यासारखे वाटत नाही. वकीलसाहेबांनी तिकडच्या एका न्यायाधीशाचे मत सांगितले होते की वेळ असेल तर वाईट बोलण्यावरचे औषध म्हणजे आणखी बोलणे, गप्प बसवणे नव्हे. झडतीला झडतीने उत्तर, हेच आमचे गाव कोणी न सांगता करत आले होते. मात्र एक फरक आहे, आणि तो मी माझ्या गावाच्या प्रेमापोटी झाकणार नाही. आमची मोकळीक वर्षातून एका तिसऱ्या प्रहराची होती. महारवाड्यातल्या माणसाला तोरणाच्या ओळीत जागा नव्हती, त्याचा बैल असला तरी. बायका दारांतून ऐकत, बोलत नसत. ते अमेरिकन वाक्य निदान असे म्हणत नाही की अमुक दिवशी, अमुक जागी, अमुक माणसांनीच बोलावे. तिथेही सगळ्यांना ते सारखे लागू पडले नसणार. पण वाक्य लिहिलेले असले म्हणजे निदान त्याच्याकडे बोट दाखवता येते.

कोर्टात वकीलसाहेब अर्धा तास बोलले. मॅजिस्ट्रेट नागपूरकडचे, मराठीच, शांत गृहस्थ. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "वकीलसाहेब, वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला आहे हे मला माहीत आहे. अमेरिका जोडल्याचा हुकूम अजून आलेला नाही." पेशकारसुद्धा हसला. मुचलका झाला. त्या बुधवारचा तपशील वर दिलाच आहे.

त्यानंतरचे वर्ष मला भिकाजीच्या गप्प बसण्यामुळे आठवते. कापूस वेचला, ज्वारीची कणसे खुडली, हुरडा झाला, गव्हाला पाणी दिले. या सगळ्यात एक आवाज नव्हता. हॉटेलात पोरे मुद्दाम विचारत, "काऊन बे भिकाजी, पानी पडन का आज?" भिकाजी म्हणे, "वकिलाले इचारून सांगतो." पहिल्यांदा हा विनोद होता. नंतर तो खरेच विचार करून बोलू लागला. धान्याच्या भावाबद्दल कोणी विचारले तर उठून जाई, कारण भाव वाढले म्हणणे सरकारविरुद्ध होते की नाही हे त्याला कळत नसे. मलाही कळत नव्हते. वकीलसाहेबांना विचारले तर ते म्हणाले, "मलाही नक्की सांगता येणार नाही. तीच तर त्या कागदाची ताकद आहे."

दोनशे रुपये माझे गुंतले होते, त्यामुळे भिकाजी चार माणसांत बसला की मी तिकडे जाऊन बसे. एकदा माझी बायको भाजी निवडता निवडता म्हणाली, "अहो, तुमी भिकाजी भाऊजीचे जामीन झाले का शिपाई झाले? शिपायाले पगार तं भेटते." कायदा कसा काम करतो ते तिने एका वाक्यात सांगितले होते. सरकारला आमच्या गावात पहारा ठेवावा लागला नाही. शेजाऱ्याच्या पैशाने शेजाऱ्यावर पहारा बसला. आणि पहारा नुसता भिकाजीवर राहिला नाही. हॉटेलातली पोरे हळू आवाजात बोलू लागली. पाटलांकडे लोक तक्रार घेऊन आले की आधी दार लावून घेत. दोनशे रुपये एका जिभेसाठी लिहून दिले होते. गप्प मात्र सारे गाव झाले.

दुसरा पोळा आला. मुचलक्याचे वर्ष संपायला अजून दीड-दोन महिने होते. सकाळपासून ढग होते आणि वारा नव्हता. माझ्या बैलांच्या शिंगांचा हिंगूळ वाळेना, हाताला लागत होता. वेशीत तोरण बांधले. बैल उभे राहिले. बाजूला दोन पोलीस बसले होते, गावचे पोलीसपाटील त्यांना पान देत होते. घुंगरमाळा वाजत होत्या, माशा उडवायला शेपट्या हलत होत्या, आणि माणसांपैकी कोणी बोलत नव्हते. दरवर्षी पहिली झडती कोण देतो यासाठी चढाओढ असे. त्या दिवशी प्रत्येक जण आपल्या बैलाची झूल सारखी करत होता.

मानाचा बैल आला. पाटलांनी तोरण तोडण्याची खूण करायची होती. ते हात वर करीनात.

"झडती झाल्याबिगर पोळा फुटत नाई," ते म्हणाले. "मी पाटील हाव. मले कोनी काई बोलत नाई का? मेलो का मी?"

कोणी हसले नाही. बैल चुळबुळ करू लागले. मागून एक बैल हंबरला. मी भिकाजीकडे पाहिले; तो माझ्याकडे पाहत नव्हता. त्याने बैलाच्या खांद्यावर हात ठेवला होता, जणू त्याच्याशीच बोलायचे होते. आणि वर्षभर न ऐकलेला तो आवाज वेशीतून नदीपर्यंत गेला :

"बैलाले येसन, गाईले दावं,
मानसाच्या जिभेले कुलूप नवं,
चाबी मेहकरात, कुलूप अठी,
बैला तूच बोल, मी बोलू कुठी!
हर बोला, हर हर महादेव!"

मग जे हसणे उठले तसे मी आधी ऐकले नव्हते, नंतरही नाही. त्यात गंमत थोडी होती. वर्षभर कोंडलेला श्वास सुटावा तसे ते होते. पाटलांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि हात वर गेला होता. पोलिसांपैकी एकाने वही काढली.

मी हसलो की नाही ते मला आठवत नाही. दावणीची एक जोडी आता नक्की गेली, एवढे मनात आले होते.

नोटीस माझ्या आणि भिकाजीच्या नावाची आली. मुचलका मोडला, दोनशे रुपये का जप्त करू नयेत, आणि भिकाजीवर नवा खटला का भरू नये. पुन्हा तीच कचेरी, तेच मॅजिस्ट्रेट.

"तू मुचलका लिहून दिला होतास ना?" त्यांनी भिकाजीला विचारले.

"देल्ला व्हता साहेब. सालभर पाळला. लेकीच्या लग्नातबी तोंड उघडलं नाई."

"मग पोळ्याला का बोललास?"

"मी नाई बोललो साहेब. पोळा बोलला."

मॅजिस्ट्रेटांनी लेखणी खाली ठेवली. "तोंड कोणाचं होतं?"

"तोंड माह्यं व्हतं. तोरन गावाचं व्हतं."

भिकाजी हे बचाव म्हणून बोलत नव्हता. त्याला खरोखर तसेच वाटत होते. अंगठा उठवताना त्याने घराचे, हॉटेलाचे, बाजाराचे बोलणे लिहून दिले होते. तोरणाखालचे बोलणे आपल्या मालकीचे आहे आणि ते गहाण टाकता येते, असे त्याच्या मनात आलेच नव्हते. आमच्या कोणाच्याच मनात आले नव्हते. म्हणून त्याला कोणी बजावलेही नाही.

वकीलसाहेब उभे राहिले. या वेळी ते पाच मिनिटेच बोलले. अमेरिकेच्या घटनेत दुसरेही एक वाक्य आहे, ते म्हणाले. कायदेमंडळाच्या सभागृहात सभासद जे बोलेल त्याचा जाब त्याला बाहेर कोणी विचारू शकत नाही. तो मान माणसाचा नाही, जागेचा आहे. राज्य चालायचे तर एक तरी जागा अशी लागते. "या गावाला सभागृह नाही. वर्षातून एकदा ते आंब्याच्या पानांखाली भरतं. माझा अशील त्या जागेवर बोलला."

मॅजिस्ट्रेटांनी पाटलांना बोलावले. "तुमच्यावरही झडत्या होतात म्हणे. राग येत नाही?"

"येते ना साहेब. मानूस हाव मी. पन पोळ्याचा राग घरी नेत नाईत."

साहेब बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होते. मग त्यांनी हुकूम सांगितला. तोरणाला कायद्यात जागा नाही. मुचलका मोडला. मात्र जप्ती किती करायची हे कोर्टाच्या हातात आहे : दोनशेपैकी पंचवीस रुपये जामीनदाराने भरावेत, बाकी माफ. नव्या खटल्याचे कारण दिसत नाही. उठताना ते वकीलसाहेबांना हळूच म्हणाले, "तो दुसरा ग्रंथ मला आठवडाभर वाचायला द्या."

हा न्याय होता की दया, यावर वकीलसाहेब आणि मी पुष्कळदा बोललो. त्यांचे मत असे की मोकळीक दुसऱ्याच्या भलेपणावर टिकत असेल तर ती मोकळीक नव्हे, उसनवारी आहे. त्या खुर्चीत दुसरा माणूस असता तर भिकाजी तुरुंगात असता. मी म्हणे, पाचास चारातला पाचवा माणूसही कोणीतरी भला माणूसच असेल ना? त्यावर ते ग्रंथ चाळू लागत. आज दिल्लीच्या कलमातली ती लांब चतुःसीमा वाचताना मला तोच प्रश्न पडतो. तिच्यात "वाजवी" हा शब्द आला आहे. वाजवी काय ते कोणीतरी ठरवणार. तो खिडकीबाहेर किती वेळ पाहील, यावर सारे आहे. कलम वाचायला भिकाजी नाही. मागच्या माघात तापाने गेला. मोकळ्या देशात त्याच्या वाट्याला दोन पोळे आले, आणि दोन्हींना तो फंडावर नव्हे, माझ्यावर बोलला.

पंचवीस रुपये मी माझ्या कनवटीचे भरणार होतो. भिकाजी म्हणाला, रब्बी निघाली की देतो. पाटलांनी दोघांनाही गप्प केले. "झडती एकट्यानं देल्ली. हासलं कोन? जो जो हासला त्यानं एक आना टाकाव." मारुतीच्या पारावर परात ठेवली. एक म्हणाला, "मी नाई हासलो, मले खोकला आल्ता." पाटील म्हणाले, "खोकल्याचा अर्धा टाक." बायकांनी घरांतून आणे धाडले, दारातून ऐकले म्हणजे ऐकलेच. पोलीसपाटलांनी दोन आणे कोणाच्या तरी हाती पाठवले आणि नाव सांगू नको म्हणून बजावले. माझा आणा मीही टाकला. कमी पडले ते पाटलांनी घातले, म्हणाले, मी लय हासलो.

ती चिल्लर धोतराच्या पदरात बांधून मी मेहकरला नेली. खजिन्यावरचा नाझर चष्म्यावरून पाहत राहिला. "हे काय? सगळे आणे?" मी कारण सांगितले. तो मोजत गेला, सोळासोळांचे ढीग लावत गेला. पंचविसावा ढीग लावून झाल्यावर म्हणाला, "झडती कोणती होती?"

"खटल्याच्या मिसलीत आहे," मी म्हणालो.

"मिसल वर गेली. तुम्ही सांगा."

मी आजूबाजूला पाहिले. दाराशी शिपाई होता, बाजूच्या टेबलावर दोन कारकून होते. जन्मात मी कधी झडती म्हटली नव्हती. घसा साफ केला आणि सांगितली, चारही ओळी, शेवटच्या हर बोलासकट.

नाझर हसला नाही. त्याच्या मिशा थोड्या हलल्या. त्याने पंचवीस रुपयांची पावती लिहिली, शाईवर वाळू टाकली, फुंकली, माझ्या हातात दिली. मग सदऱ्याच्या खिशातून एक आणा काढून टेबलावर माझ्या बाजूला सरकवला आणि पुढचे काम हाती घेतले.

गावी परतलो तेव्हा भिकाजी बांधावर गवत कापत होता. मी त्याला सगळे सांगितले. त्याने तो आणा ओल्या बोटांत उलटासुलटा करून पाहिला.

"हा सरकारी मानूस हासला?"

"हसला असं म्हणता येईल."

"मंग आता जमानत कोनाकून घेतीन ते?"

मेहकर खजिन्यात नाझराच्या हाती भरले रुपये पंचवीस, पावती घेतली. भिकाजीला बांधावर दिला आणा एक. पावती घेतली नाही.